मानाचा हात

नळ घट्ट झाला होता म्हणून मी जरा जोर लावला, तर नळ जागचा हलला नाही, माझं मनगटच फिरलं. चुलीत घालायची काटकी मोडावी तसा आवाज आला. मला आधी वाटलं नळाचंच काही तुटलं, आणि आता विश्राम दुरुस्तीला माणूस शोधत हिंडणार म्हणून दुखायच्या आधी मला राग आला. मग हाताकडे पाहिलं. पंजा एकीकडे बघत होता, कोपर दुसरीकडे. या हातानं मी तलावावरून हंडे वाहिले, भाताचे भारे उचलले, एकदा तर दावं तोडून पळालेला खोंड वेसणीला धरून उभा केला. तो हात मोडला कशानं, तर नळ सोडताना. शेजारणी जमल्या. मी सांगितलं, माळ्यावरून पडले. पडून हात मोडला तर त्यात काही अब्रू असते. नळ फिरवताना मोडला म्हटलं तर बायका चार दिवस पदरात हसतील, आणि त्यातल्या निम्म्या अशा की त्यांना अजून धड भाकरी थापता येत नाही.

त्याला आज अठरा दिवस झाले. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत पांढरं प्लास्टर आहे, आत खाज सुटते आणि मी ती नुसती ऐकत बसते. जेवणं होऊन बराच वेळ झाला. पडवीत ऊन तिरकं आलं आहे. शेवंती, माझी सून, पितळी परात घासून घेऊन आली आणि माझ्या समोर ठेवली. शेजारी तेलाची वाटी ठेवली, वस्त्रगाळ करायचं फडकं ठेवलं, शेंदराची पुडी ठेवली. मग पोट सांभाळत, एक हात जमिनीला टेकून, हळूच मांडी घालून बसली. सहा वर्षांनी तिला दिवस राहिले आहेत. पाचवा चालू आहे.

"आज मी कालवू ना, आत्याबाई?" ती म्हणाली.

हे तिचं विचारणं नव्हतं. गेले दोन शनिवार डबीत उरलेल्या शेंदरावर भागलं होतं. आता डबी रिकामी आहे, माझा हात गळ्यात अडकवलेला आहे, आणि उद्या शनिवार.  मला सांगायचं आहे ते अठरा दिवस मी गिळून बसले आहे.

वेशीवरच्या मारुतीला शेंदूर आमच्या घरचा जातो. कल्याणात नळ आले, दिवे आले, वेस उरली नाही, नुसतं नाव उरलं, पण शेंदूर आमच्याच घरचा. बाईमाणसानं मारुतीला शिवायचं नाही. मी त्याला कधी बोट लावलेलं नाही. उंबऱ्याच्या बाहेरून हात जोडते आणि परत येते. पण शेंदूर कालवायचा तो घरच्या थोरल्या बाईनंच. शुक्रवारी दुपारी फडक्यातून गाळायचा, तेलाची धार धरायची, तळहातानं एकाच दिशेनं फिरवत राहायचं, गाठ राहता कामा नये, मध्ये बोलायचं नाही. मग हात पुसायचा. धुवायचा नाही. तो मानाचा हात. त्याच हातानं जेवायचं, त्याच हातानं शनिवारी सकाळी देवाचा रोट थापायचा, नैवेद्य दाखवून आला की पहिला घास आपण खायचा, आणि मग हात धुऊन ते पाणी तुळशीत ओतायचं. पुरुषांना शनिवारचा उपास. ते शेंदूर लावून यायचे, नदीवर आंघोळ करायचे आणि दिवस मावळेपर्यंत तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. मी तीस वर्षं त्या देवाला शिवले नाही, आणि त्याच्या अंगावर असा एक कण नाही जो माझ्या तळव्याखालून गेलेला नाही. हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल. हळदीकुंकवाला गेले की बायका माझी बोटं बघायच्या. नखांच्या कडेला कायमची लाली. वकिलाची बायको सोन्याच्या पाटल्या पुढे करून बसायची, मी नुसता हात गुडघ्यावर ठेवायची.

शेवंती आली तेव्हा वर्षाच्या आत तिनं विचारलं होतं, मला शिकवाल का. मी म्हटलं, आधी वरणाला फोडणी द्यायला शीक. मग दरवर्षी विचारायची, मी दरवर्षी काहीतरी काढायची. तुझा तळहात गरम आहे, तेल सुटेल. तुझ्या माहेरी शनिवार पाळत नाहीत. तुला मध्ये बोलल्याशिवाय राहवणार नाही. खरं म्हणजे मला द्यायचं नव्हतं. बाकी सगळं हळूहळू तिच्याकडे गेलंच होतं, कोठीच्या किल्ल्या, लोणच्याच्या बरण्या, विश्राम. परात तेवढी माझी होती.

कल्याणच्या हाडवैद्यानं हात दोनदा ओढून पाहिला, बसेना. मग विश्राम मला ठाण्याला घेऊन गेला. तिथला डॉक्टर कालपरवा मिसरूड फुटलेला, पण हात लावायच्या आधी विचारणारा. त्यानं हाताचा फोटो काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मला त्यात माझा हात दिसला नाही. धुक्यात उभी केलेली बांबूची काठी दिसली.

"आजी, पडलात कुठून?"

विश्राम खाली औषधाच्या रांगेत होता. मी म्हटलं, "पडले नाही. नळ फिरवला."

तो हसला नाही. फोटोवर बोट फिरवत राहिला. "याआधी काही मोडलं होतं?"

"चार वर्षांमागं खोकताना बरगडी मोडली. मी कुणाला सांगितलं नाही."

"पाय दुखतात?"

"पाय कुणाचे दुखत नाहीत?"

मग त्यानं मला पाण्यानं चूळ भरायला लावली आणि खालचा ओठ खाली करायला सांगितला. परक्या पुरुषापुढे असा ओठ उलटा करून बसायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. त्यानं वाकून पाहिलं. "हिरड्यांना निळी कड आहे."

"मिश्रीची आहे ती. मी मिश्री लावते."

"मिश्रीनं सगळी हिरडी काळी होते. ही दाताला चिकटून रेघ आहे, पेन्सिलीनं ओढल्यासारखी." मग त्यानं माझी बोटं हातात घेतली. "नखांत लाल काय आहे?"

"शेंदूर," मी म्हटलं, आणि सांगितलं. मान सांगितला, परात सांगितली, न धुतलेला हात सांगितला. मला वाटलं आता हा पोरगा जरा सरळ बसेल. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"किती वर्षं?"

"तीस."

तो हळू बोलायला लागला, लहान मुलाला सांगतात तसा नाही, थकलेल्या माणसाला सांगतात तसा. म्हणाला, शेंदूर म्हणजे शिसं आहे आजी, शिसं भाजून करतात. गाळताना नाकातून गेलं, घासाबरोबर पोटात गेलं. हाडाला चुना लागतो. शिसं आलं की हाडाला वाटतं चुनाच आला. ते घेतं आणि ठेवून देतं. चुन्याची जागा शिशानं घेतली की हाड वरून हाडासारखं दिसतं, आत जोर राहत नाही. मी म्हटलं, म्हणजे तीस वर्षं माझ्या हाडांनाच कुणी चुना लावला, आणि तोसुद्धा खोटा. तेव्हा तो थोडा हसला. मी म्हटलं, मग औषध दे, निघून जाऊ दे. म्हणाला, इतकं साठलेलं एकदम निघत नाही. हात घालायचं थांबवा, हाडं आपली आपण थोडं थोडं सोडत राहतील, त्याला वर्षं लागतील. आणि मग, मी उठता उठता, जसं काही जाता जाता आठवावं तसं त्यानं विचारलं, "घरात कोणी गरोदर आहे का? तिला यापासून लांब ठेवा. पोटातल्या मुलाला चुना लागतो, तो आईची हाडं देतात. तिच्या हाडांत शिसं असलं तर तेही देतात. हाडांना निवड करता येत नाही."

खाली आल्यावर विश्रामनं विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, म्हातारी झाले म्हणाला. एवढं सांगायचीच फी घेतो.

येताना गाडीत मी मनातल्या मनात त्या डॉक्टरला खूप बोलले. कालचं पोर, देवाच्या शेंदराला शिसं म्हणतं. रेघ मिश्रीचीच आहे. मुंब्र्यापर्यंत मी त्याला बोलत होते. मग खाडीचं पाणी दिसलं, संथ, शिशाच्याच रंगाचं, आणि मला मालन आठवली.

मालन माझी मुलगी. विश्रामच्या पाठीवर पाच वर्षांनी झालेली. विश्राम झाला तेव्हा परात सासूकडे होती. परात माझ्याकडे आली आणि नंतर माझी दोन पोटं गळली, मग मालन राहिली. शुक्रवारी ती माझ्या मांडीत बसायची, परातीच्या काठावर बोट फिरवायची आणि चोखायची. मी हसायची. शनिवारचा पहिला घास माझा, दुसरा तिचा, मानाच्या हातानं. दुसऱ्या वर्षी तिचा पाय उंबऱ्यावरून पडून मोडला. उंबरा केवढा, वीतभर. तिसऱ्या वर्षी दुसरा. पोट धरून रडायची, खायची नाही, मग झटके यायला लागले. चौथं तिला लागलं नाही. आणि तिच्या त्या तांदळासारख्या दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. मीच ती शेजारणींना ओठ खाली करून दाखवायची. म्हणायची, बघा, दृष्ट लागू नये म्हणून देवानंच आतून काजळाचं बोट ओढलंय.

मालननं मिश्री कधी लावली नव्हती.

गाडी कल्याणला लागली तरी मी बसून राहिले. विश्राम म्हणाला, आई, उतरायचं ना? मी म्हटलं, हात दुखतोय.

हे कळल्यापासून मी एकेक जुनी गोष्ट काढून बघते आहे, दिवाळीच्या आधी ट्रंकेतले कपडे उन्हात घालतात तशी, आणि प्रत्येकाला तोच वास येतो. सासू आंबिवलीच्या बाजूची, उंच बाई, शेवटी शेवटी परातीसारखी वाकली होती. एके दिवशी पाटावरून उठताना तिचा खुबा मोडला. नुसती उठताना. अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं परात माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "घे गो बाय. देव आपल्या हाडात राहतो, म्हणून ती जड होतात." मला ते केवढं मोठं वाटलं होतं. मी तिच्या पाया पडले. तिच्या सासूचीही कंबर गेली होती म्हणे. गावात आमच्या घराला काचेच्या बायकांचं घर म्हणायचे आणि आम्ही ते मिरवायचो. एका बाईनंही बसून विचार केला नाही, की पुरुषांची हाडं का मोडत नाहीत. माझा नवरा काळुराम सत्तरीत हमाली करण्याइतका धडधाकट होता, तापानं गेला.

आणि बायजा. माझी धाकटी जाऊ. तिला मूल नव्हतं, मालनला घेऊन घेऊन फिरायची. मालन गेली त्या आठवड्यात मी तिला चार माणसांत म्हटलं, तुझ्या वांझ नजरेनं खाल्लं माझं लेकरू. ती दिराला घेऊन आंबिवलीला राहायला गेली, तिथंच आहे. तेवीस वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. लग्नकार्यात ती आली की मी मागच्या दारानं जाते, आणि लोक समजतात, ठमाबाईचा राग मोठा. राग नव्हताच कधी. कुणावर तरी टाकल्याशिवाय मला उठून चूल पेटवता येत नव्हती, एवढंच. आता तिच्यावरून काढून घ्यायचं तर ठेवायचं कुठं?

"आत्याबाई, मी विचारलं काहीतरी," शेवंती म्हणाली.

"तुझ्या हातानं नाही व्हायचं."

"का नाही व्हायचं?"

"तुझा तळहात गरम आहे."

"सहा वर्षं गरमच आहे. ताप असता तर मेले असते एव्हाना." तिनं फडकं उलगडलं, परातीवर ताणून धरलं. तिची बोटं लांब, स्वच्छ आहेत. मनगटं भरलेली. मला त्या कातडीखालची हाडं दिसायला लागली, धुकं नसलेली, पांढरी, टणक.

"पोटुशी बाईनं कालवू नये," मी म्हटलं. "तसा रिवाज आहे."

"कधीपासून? तुम्हीच सांगता ना, मालनताईंच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत तुम्ही कालवत होता."

मीच सांगते. फुशारकीनं सांगते. सुना काय विसरत नाहीत, तर सासूची बढाई.

तेवढ्यात विश्राम पाळीवरून आला. रेल्वेच्या यार्डात फिटर आहे तो. चपला काढता काढता त्यानं परात पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला, माझा पाहिला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "झालं का सुरू?"

"मी काही म्हटलेलं नाही," शेवंती म्हणाली. "मी परात मांडलीय. हात यांचा मोडलाय, देवाचा नाही."

"आई, दे ना तिला. किती दिवस धरून बसणार? उद्या तू..." तो थांबला.

"बोल. उद्या मी मेले तर."

"तर तिलाच करायचंय ना."

"मग मरू दे मला आधी. तुला घाई आहे का?"

त्यानं चपला सरळ करून ठेवल्या. त्याचे डोळे त्याच्या बापासारखे आहेत, भांडण नको असलेले. शेवंतीनं मात्र खाली बघत म्हटलं, अगदी हळू, जणू परातीलाच सांगते आहे, "सहा वर्षं मला मूल नव्हतं, तोवर मी या घरात पाहुणी होते. आता आहे, तरी पाहुणीच. मला तुमच्या किल्ल्या नकोत, बरण्या नकोत. लोक विचारतात, ठमाबाईंच्या मागे कोण. मी काय सांगू, कुणी नाही?"

तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि इतक्या हळू बोलले नसते. सहा वर्षं मी तिला कोतेपणानं लांब ठेवलं, त्यात तिची हाडं वाचली, आणि आज पहिल्यांदा मी खरोखर तिच्यासाठी नको म्हणते आहे, तर तो कोतेपणा दिसतो आहे. मला वाटलं, असंच असू दे. द्वाड सासू म्हणून राहीन, आणखी चार महिने शिव्या खाईन, मूल होऊ दे. पण चार महिन्यांनी ती अंगावर पाजणार. आणि मी काय चार महिने जागता पहारा देणार आहे? दुपारी डोळा लागला की ही पोर कालवून मोकळी होईल, आणि कौतुकानं दाखवायला आणेल.

तिनं पुडी फोडली. शेंदूर फडक्यावर पडला आणि एक बारीक लाल धूर उठून उन्हात तरंगायला लागला. किती सुंदर दिसतो तो. तीस वर्षं मी तो श्वासाबरोबर ओढला आणि मला वाटायचं, देवाचा वास आहे. तो तिच्या तोंडाच्या दिशेनं निघाला.

मी प्लास्टरचा हात गळ्यातून काढला आणि फडक्यावर आडवा टाकला. सगळा शेंदूर दबला. पांढऱ्यावर लाल चढला. कळ खांद्यापर्यंत गेली.

"आई!" विश्राम म्हणाला.

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकं आहे का तुमच्या मनात?"

"तोंड बाजूला कर," मी म्हटलं. "नाकावर पदर घे आधी. घेतलास? आता इकडे बघ." डाव्या हातानं मी माझा खालचा ओठ धरला आणि उलटा केला. असं तोंड उघडं ठेवून धड बोलता येत नाही, लाळ येते, शब्द बोबडे येतात. तसेच बोलले. म्हटलं, ही रेघ बघ. ही मिश्रीची नाही. मग डॉक्टर बोलला ते सगळं सांगितलं. चुना सांगितला, शिसं सांगितलं. नळ सांगितला. बरगडी सांगितली. विश्राम भिंतीला टेकूनच खाली सरकत सरकत उकिडवा बसला. मी थांबले तेव्हा तो म्हणाला, "आमच्या यार्डात पाइपाच्या आट्यांना शेंदूर लावतात. फोरमन ओरडतो, हात धुतल्याशिवाय डब्याला शिवू नका. मला वाटायचं, तो साहेबी स्वच्छतेचा आहे."

"आणि तू घरी येऊन एका शब्दानं बोलला नाहीस."

"तो लोखंडाचा होता आई. हा देवाचा."

मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. मीही तेच म्हटलं असतं.

शेवंती अजून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी ओठ सोडला होता तरी. पदरातून तिचा आवाज दबका आला. "मालनताईंना होती का अशी?"

या घरात मालनबद्दल मीच बोलते, दुसऱ्या कुणी विचारायचं नाही, असा अलिखित नियम आहे. विश्राम खाली बघायला लागला.

"होती," मी म्हटलं.

तिनं एक हात पोटावर ठेवला. थोड्या वेळानं दुसरा माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी तो झटकला नाही. झटकायला हात मोकळा नव्हता असंही म्हणता येईल.

मग विश्रामनं नाकाला रुमाल बांधून परात उचलली, फडक्यासकट, पुडीसकट, आणि मागे नेली. उद्या मारुतीला नुसतं तेल जाईल. लोक विचारतील. मी त्याला म्हटलं, सांग, ठमाबाईचा हात मोडला, तिच्या मागे कुणी नाही, मान संपला. "आणि कारण विचारलं तर?" "तर त्यांना इकडे पाठव. नळ कसा फिरवायचा ते दाखवते." आणि आणखी एक म्हटलं, रविवारी सुट्टी आहे ना, मला आंबिवलीला घेऊन चल. त्यानं मान वर करून पाहिलं. कुणाकडे, ते त्यानं विचारलं नाही.

शेवंती साबण आणि पाण्याचा वाडगा घेऊन आली होती. मी म्हटलं, तू नको हात घालू. ती म्हणाली, "पाण्यातून उडत नाही. मी नंतर तीनदा धुते." स्वतःच्या हाताला जुनी पिशवी गुंडाळून तिनं प्लास्टर ओल्या फडक्यानं पुसलं, मग प्लास्टरच्या बाहेर आलेली बोटं एकेक करून हातात घेतली आणि काडीनं नखांच्या कडा कोरायला लागली. तीस वर्षांची लाली. शनिवारचा नैवेद्य झाल्याशिवाय हे बोट कुणी धुतलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी तर कधीच नाही. पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल. नखं निघाली ती पिवळी, म्हातारी, कुणाचीही असावीत अशी. आतलं तसं धुता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. ती कोरत राहिली.

झाल्यावर ती वाडगा घेऊन उठली, सवयीनं अंगणात गेली आणि तुळशीपाशी थांबली. दर शनिवारी मी तिथंच ओतते. दर सकाळी तिथलीच दोन पानं तोंडात टाकते, आणि पाचवा लागल्यापासून तिलाही देते.

ती वळून माझ्याकडे बघत होती.

"तुळशीत नको," मी म्हटलं.

"मग कुठं ओतू?"

मी विचार करायला लागले. गटारात म्हटलं तर ते खाडीला जातं, खाडीतली मासळी दारावर येते. परसात म्हटलं तर तिथं अळू आहे. ती वाडगा दोन्ही हातांनी पोटापासून लांब धरून उन्हात उभी राहिली, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच मला सुनेला काय सांगावं ते कळेना.